होडी कोरडी राहिली पाहिजे

व्यवस्थितरावांच्या ताब्यात होडी आली त्या दिवशी त्यांनी सगळ्यात आधी काय केलं असेल, तर ती फडक्याने कोरडी केली. होडी तेव्हा पाण्यात होती. तळ्याच्या धक्क्यावर ओणवे होऊन, एका हाताने लोखंडी कडी धरून आणि दुसऱ्या हाताने घरून आणलेलं पिवळं फडकं फिरवत ते पाऊण तास तिला पुसत होते. ती डुलली की पुन्हा भिजायची, आणि ते पुन्हा पुसायचे. होडी क्लबातली चार-पाच माणसं चहाचे कप हातात धरून बघत उभी होती. नवीन आहेत, शिकतील, असं त्यांना वाटलं.

शिकायला व्यवस्थितरावांची ना नव्हती. फक्त आपलं काही शिकायचं राहिलं आहे, हे त्यांना कोणीतरी लेखी कळवायला हवं होतं. विमा कंपनीच्या दावे विभागात बसून एकोणतीस वर्षं ते लोकांचे अर्धवट भरलेले फॉर्म परत पाठवत आले होते. कोणाचं घर जळो, कोणाची गाडी खड्ड्यात जावो, सातव्या रकान्यात पिनकोड नसेल तर फॉर्म परत. 'व्यवस्थितराव' हे बिरूद त्यांना तिथेच मिळालं, आणि देणाऱ्यांच्या मनात नेमकं काय होतं याची चौकशी न करता त्यांनी ते कौतुक म्हणून स्वीकारलं. घरचा कारभारही तसाच. टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिकची पिशवी, खुर्च्यांवर दुकानातून येतानाचंच प्लास्टिक (पाहुणा उठला की तेही त्याच्याबरोबर थोडंसं उठायचं), आणि चांगले कप काचेच्या कपाटात. ते कप बाहेर काढावेत अशा दर्जाचा पाहुणा अकरा वर्षांत आला नव्हता.

होडी त्यांच्या बायकोच्या मामांची. मामांचे गुडघे गेले, ते लेकीकडे राहायला गेले, आणि जाताना होडी भाचीच्या नावावर करून गेले. लहानपणी अख्खी सुट्टी ती त्या होडीत काढायची. शिडाची दोरी मामांच्या हातात आणि सुकाणू हिच्या. व्यवस्थितरावांना हे ठाऊक होतं, पण ते त्यांनी लंगडी आणि लपंडावाच्या जोडीला बसवून टाकलं होतं. होडी बायकोच्या नावावर आली म्हणजे तिची जबाबदारी आपल्यावर आली, इतका सरळ त्यांचा हिशेब होता.

"वारा छान सुटलाय," बायको धक्क्यावर उभी राहून म्हणाली. "एक चक्कर मारून येऊ या?"

"अशा अवस्थेत?" व्यवस्थितरावांनी होडीच्या कडेचा रंगाचा पोपडा नखाने उचलून दाखवला. "लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, होडीत बसून चाललेत."

हे उत्तर व्यवस्थितरावांना तितकंसं गंभीर वाटलं नाही.

क्लबाचे सेक्रेटरी म्हणजे उन्हाने रापलेले, मोजकं बोलणारे गृहस्थ. त्यांच्या बगलेत कायम एक हिरवं रजिस्टर असे. त्यातून त्यांनी नियम अकरा वाचून दाखवला. मोसमात एकदा तरी होडी शिडावर धक्क्यावरून निघाली पाहिजे, तळ्याच्या मध्यावर नांगरून ठेवलेल्या, पिंपांवर बांधलेल्या तराफ्याला वळसा घालून परत आली पाहिजे, आणि फेरी पुरी होताना मालक होडीत असला पाहिजे. शेवटच्या दिवशी पाचला निशाण उतरतं. तोपर्यंत फेरी झाली नाही, तर धक्क्यावरची जागा प्रतीक्षा यादीतल्या माणसाला.

"यादी लांब आहे का?" व्यवस्थितरावांनी विचारलं.

"पहिला नंबर ज्यांचा आहे ना, त्यांनी अर्ज केला तेव्हा त्यांना मिसरूड फुटत होतं. परवा नातवाला घेऊन आले होते."

बायकोने धक्क्याच्या लाकडी खांबावर हात ठेवला. मामांनी वर्षानुवर्षं ज्याला दोर गुंडाळला तो खांब. जागा गेली तर होडी विकण्यावाचून गत्यंतर नव्हतं, कारण दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत सोळा फुटांची होडी फक्त उभी ठेवता आली असती, आणि तीही वरच्या बिऱ्हाडात घुसवून.  त्या खांबावरून बायकोने हात लवकर काढला नाही.

"चार महिने आहेत," व्यवस्थितराव म्हणाले. "चार महिन्यांत नवीन होडी बांधून होते."

तर होडी पाण्याबाहेर आली. क्लबाच्या अंगणात दोन लाकडी घोड्यांवर ती पालथी घातली, आणि व्यवस्थितरावांनी दर शनिवार-रविवार जुना शर्ट घालून रंग खरवडायला सुरुवात केली. जुना शर्ट म्हणजे त्यांच्या हिशेबाने जुना. त्याची घडीची रेघ अजून मोडली नव्हती.

सल्ला द्यायला माणसं कमी पडणार नाहीत याची काळजी दैवाने घेतलेलीच असते. त्यांचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, आयुष्यात कधी पाण्यात उतरला नव्हता. पण फोनवर त्याने होड्यांचे इतके व्हिडिओ बघितले होते की त्याला आता पाण्याची गरजच उरली नव्हती. "भावोजी, पार लाकूड दिसेपर्यंत खरवडा," तो खुर्चीवर बसून सांगायचा. "अर्धवट काम नको." त्याचं स्वतःचं काम खुर्ची सावलीबरोबर सरकवण्याचं होतं, आणि ते त्याने कधी अर्धवट सोडलं नाही. खालच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर भूगोलाचे. त्यांनी होडीवर टिचकी मारून सांगितलं, "लाकडात ओल आहे. ओल म्हणजे कुजणं. खडखडीत वाळवा." व्यवस्थितरावांना हे फार पटलं. ओल या गोष्टीशी त्यांचं मुळातच वाकडं होतं. घरात ते छत्रीसुद्धा पुसून मिटायचे.

क्लबात होड्या दुरुस्त करणारा एक म्हातारा मिस्त्री होता. तो जाता जाता थांबला. "साहेब, इतकी वाळवू नका. फळ्या आकसतात, सांधे उघडतात. होडीला पाणी लागतं."

"अहो, पाणी बाहेर ठेवायला तर होडी असते," व्यवस्थितराव हसून म्हणाले. मिस्त्रीने त्यांच्याकडे बघितलं, होडीकडे बघितलं, आणि दोघांपैकी होडीची कीव करत तो निघून गेला.

पाच आठवडे होडी उन्हात वाळली. बायको दर रविवारी डबा घेऊन यायची आणि विचारायची, "आज?" व्यवस्थितराव सांगायचे, "आज घासकाम." पुढच्या रविवारी "आज?" तर "आज पहिला हात." मग "आज दुसरा हात." मग वॉर्निश. वॉर्निश सुकेपर्यंत होडीवर धूळ बसू नये म्हणून त्यांनी तिच्यावर प्लास्टिक घातलं, आणि प्लास्टिकवर धूळ बसू नये म्हणून एक जुनी चादर. होडीला निळा रंग इतका सुरेख बसला होता की क्लबातली माणसं चादर उचलून बघून जायची. व्यवस्थितराव त्यांना आधी हात पुसायला लावत.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. म्हणजे व्यवस्थितराव खूश होते, आणि होडी पाण्यापासून दोनशे पावलांवर होती.

पण एका दुपारी कचेरीत डबा खाताना त्यांच्या मनात आलं, की होडीच्या नोंदणीच्या कागदात रंग 'निळा' लिहिलेला आहे, आणि आपण लावलेला डब्यावर 'गडद निळा' म्हणून छापलेला आहे. दुसरा कोणी असता तर त्याने पुढचा घास घेतला असता. व्यवस्थितरावांनी रजा टाकली आणि ते जलवाहतूक कचेरीत जाऊन रांगेत उभे राहिले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. त्या कचेरीच्या इतिहासात रंगाची छटा कळवायला आपल्या पायाने आलेला हा पहिलाच नागरिक असावा, कारण खिडकीतल्या कारकुनाने आधी शेजारच्याला बोलावून त्यांना दाखवलं.

"रंगबदल म्हणजे नवा फॉर्म," कारकून म्हणाला. व्यवस्थितरावांनी तो सुवाच्य अक्षरात भरून दिला. कारकुनाने तो वरून खाली वाचला आणि खिडकीतून परत सरकवला. "नववा रकाना. इंजिन क्रमांक."

"शिडाची होडी आहे. इंजिन नाही."

"मग रकाना रिकामा राहिला ना?"

"'लागू नाही' असं लिहितो."

"'लागू नाही' हा क्रमांक आहे का?" कारकुनाने अगदी सौम्यपणे विचारलं.

आता या जागी कोणीही माणूस काचेवर मूठ आपटेल. पण व्यवस्थितरावांची पंचाईत अशी, की त्यांना मनापासून रागही येईना. एकोणतीस वर्षं हाच प्रश्न, याच आवाजात, त्यांनी दुसऱ्यांना विचारला होता. आणि समोरच्याचं काम बघून त्यांना आत कुठेतरी आदरच वाटला. जुना फॉर्म मामांनी भरला होता आणि त्यात हा रकानाच नव्हता. आता फॉर्म बदलला होता, आणि एकदा रंगबदलाचा अर्ज आत आला म्हटल्यावर तो पुरा होईपर्यंत होडी पाण्यात घालायची मनाई होती. कारकुनाने तसा शिक्काच मारून दिला.

"म्हणजे तुम्ही गेला नसतात," बायको त्या संध्याकाळी म्हणाली, "तर काहीच झालं नसतं."

"नियमबाह्य झालं असतं."

"होडी पाण्यात असती."

"नियमबाह्य रीतीने."

बायकोने पातेलं जरा जोरात ठेवलं. दीड महिना उरला होता.

तोडगा मेहुण्याने काढला. क्रमांक हवा तर इंजिन आणा! भंगारवाल्याकडे होडीच्या मागे लावायची जुनी इंजिनं पडलेलीच असतात. रविवारी दोघं जाऊन एक गंजकं धूड हातगाडीवर घालून घेऊन आले. ते चालत नव्हतं, चालण्याची शक्यताही नव्हती, त्यात एका पाकोळीने घरटं केलं होतं. पण अंगावर आठ आकडी क्रमांक ठसठशीत होता. व्यवस्थितरावांनी तो नवव्या रकान्यात लिहिला. कारकुनाने मान डोलावली. फॉर्मात 'चालतं का' असा रकाना नव्हता.

मात्र इंजिन म्हटल्यावर तपासनीस आला. त्याने इंजिन होडीच्या मागच्या फळीला चार बोल्टांनी आवळून घेतलं, बोल्टांतून तार ओवली आणि तारेला शिशाचं सील ठोकलं. "काढायचं नाही," तो म्हणाला. "काढलंत तर कागदावरची होडी वेगळी आणि पाण्यातली वेगळी." व्यवस्थितरावांनी इंजिनवर गडद निळा हात मारला आणि वर एक छोटी प्लास्टिकची पिशवी घातली.

परवानगीचा कागद हातात पडला तेव्हा मोसमाचे नऊ दिवस राहिले होते. वाजतगाजत म्हणावं अशा थाटात होडी पाण्यात उतरली. व्यवस्थितरावांनी स्वतः दोर धरला होता. हेडमास्तर आले होते, मेहुणा चित्रण करत होता, आणि बायकोने हातातली पिशवी खाली ठेवून साडी खोचून घेतली होती. होडी क्षणभर मोठ्या दिमाखात तरंगली. मग तिच्या पोटात सगळीकडून बारीक बारीक कारंजी उडायला लागली.

"गळतेय!" व्यवस्थितराव ओरडले. "ओढा! बाहेर ओढा!"

"अहो राहू दे, राहू दे!" मिस्त्री लांबून धावत आला. "गळणारच. तीन महिने वाळवलीत तिला. आता हात लावू नका. चार दिवस पाण्यात सोडा, भरू दे."

"भरू दे म्हणजे? बुडेल!"

"बुडू दे की. काठाला आहे, जाते कुठे? लाकूड पाणी पितं, फुगतं, सांधे आपोआप मिटतात. पाचव्या दिवशी पाणी काढा नि बसा."

व्यवस्थितरावांनी मान डोलावली. पण आपण नखशिखांत रंगवलेली होडी गढूळ पाण्यात कानापर्यंत बुडलेली आपल्या डोळ्यांनी बघायची, ही कल्पना त्यांना सहन होईना. त्यांनी मधला मार्ग काढला. (मधला मार्ग काढणारी माणसं कचेऱ्यांना फार आवडतात.) सकाळी कामावर जाण्याआधी तासभर येऊन ते होडी पाण्यात सोडायचे, चार बोटं पाणी आत आलं की ओढून बाहेर काढायचे, स्पंजने टिपून घ्यायचे, फडक्याने पुसायचे, आणि वर प्लास्टिक. मिस्त्रीला वाटत होतं होडी पाणी पितेय. तीन दिवसांनी त्याने प्लास्टिक उचलून बघितलं तेव्हा होडी खणखणीत कोरडी होती, आणि आत फळीवर एक नॅप्थलीनची गोळीही ठेवलेली होती.

मिस्त्रीने काही वेळ ती गोळी बोटांत धरून ठेवली. "बाई," तो व्यवस्थितरावांच्या बायकोला म्हणाला, "साहेबांना दुसरं काहीतरी घेऊन द्या. कपाट वगैरे."

बायको हसली, पण ते हसणं पुरतं चेहऱ्यावर पोचलं नाही. त्या रात्री जेवताना तिने पहिल्यांदाच आवाज चढवला. "मला तुमची होडी छान दिसायला नकोय. मला तिच्यात बसायचंय. चार महिने मी डबे आणतेय आणि तुम्ही तिला पुसताय. जागा गेली ना, तर मामांना फोन तुम्ही करायचा."

व्यवस्थितरावांना हे लागलं. त्यांची तक्रार अशी होती की चार महिन्यांतला एक रविवार त्यांनी स्वतःसाठी ठेवला नव्हता; हाताला घट्टे पडले होते; आणि तरी घरात त्यांना गुन्हेगारासारखं जेवावं लागत होतं. पण 'मामांना फोन' या दोन शब्दांपुढे ती तक्रार टिकेना. ते दुसऱ्या दिवसापासून तासाऐवजी दोन तास होडी पाण्यात ठेवू लागले. मनावर दगड ठेवून.

शेवटचा दिवस उजाडला. म्हणजे उजाडला तेव्हा त्यांना कचेरीत एका बैठकीला जावं लागलं, आणि ते धक्क्यावर पोचले तेव्हा साडेतीन वाजले होते. मिस्त्रीने होडी सकाळपासून, त्यांना न विचारता, पाण्यात ठेवली होती. "खालच्या फळ्या बऱ्यापैकी फुगल्यात," त्याने सांगितलं. "वरच्या दोन मात्र अजून कोरड्या आहेत, डाव्या अंगाला जास्त. ओझं कमी असेल तर त्या पाण्याच्या वर राहतील. ओझं झालं की तिथून पाणी घेईल. इंजिन काढा."

"सील आहे," व्यवस्थितराव म्हणाले.

"तोडा."

व्यवस्थितरावांनी त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं, की मिस्त्रीने विषय सोडून दिला.

अर्ध्या इमारतीसकट हेडमास्तर आले होते. मेहुण्याने भेट म्हणून दिलेली पांढरी टोपी, जिच्यावर सोनेरी दोऱ्याने 'कप्तान' भरलेलं होतं, ती व्यवस्थितरावांनी त्या दिवशी पहिल्यांदा पिशवीतून काढून घातली. चपला दोघांनी धक्क्यावर काढायच्या, असं त्यांनी आधीच जाहीर केलं होतं. होडीच्या तळाला त्यांनी वर्तमानपत्रं अंथरली होती. बायको सुकाणूपाशी बसली. कोणी तिला बस म्हटलं नव्हतं, पण ती बसली आणि हात असा काही आपोआप दांड्यावर गेला की व्यवस्थितरावांना हरकत घ्यायला जागाच सापडली नाही. सेक्रेटरींनी रजिस्टर उघडलं. चार वाजून दहा मिनिटांनी होडी निघाली.

शिड भरलं. व्यवस्थितरावांना वाटलं, आपण उगाच घाबरत होतो.

मग वर्तमानपत्र हललं. आधी एक कोपरा, मग अख्खं पान, आणि बघता बघता त्या दिवशीच्या ताज्या बातम्या त्यांच्या घोट्यांभोवती पोहू लागल्या. डाव्या अंगाच्या वरच्या फळ्यांतून पाणी आत येत होतं. मागे इंजिन, मध्ये ऐंशी किलोचे व्यवस्थितराव; होडी त्या बाजूला बसली होती.

"पाणी काढा," बायको म्हणाली.

"कशाने?"

"टोपीने!"

"नवी आहे ही!"

बायकोने नुसतं बघितलं. व्यवस्थितरावांनी टोपी काढली आणि कप्तान पाणी उपसायला लागला. एक टोपी बाहेर जाईपर्यंत दीड टोपी आत येत होती. तराफा समोर जवळ येत होता. धक्का दुप्पट लांब मागे राहिला होता. तळं मध्यावर किती खोल आहे हे हेडमास्तरांनी त्यांना सकाळीच, विनाकारण, फुटांत आणि मीटरमध्ये सांगितलेलं होतं.

"मागे वळव!" व्यवस्थितराव ओरडले.

"मागे वळले तर जागा गेली."

"जागा गेली तर गेली! आपण जाऊ त्याचं काय?"

"आपण नाही जात. होडीला दोनच गोष्टी जड होतायत," बायको शिडाकडे बघत, अगदी शांतपणे म्हणाली. "एक इंजिन आणि एक तुम्ही. इंजिनाला सील आहे."

व्यवस्थितरावांना अर्थ लागायला थोडा वेळ लागला. तोपर्यंत तिने होडी तराफ्याला इतकी अलगद भिडवली होती की त्यांनी कधी दुधाचं भांडंही ओट्यावर तसं ठेवलं नसेल.

"उतरा."

"इथे?"

"तराफा आहे. पिंपं भक्कम आहेत. मामा मला इथे बसवून एकटे जायचे."

"आणि नियम? मालक होडीत पाहिजे."

"मालक कोण आहे?"

व्यवस्थितरावांनी नियम अकरा मनातल्या मनात वाचला. 'मालक' असाच शब्द होता. 'मालक व त्याचा नवरा' असं कुठे नव्हतं. रंगबदलाच्या फॉर्मवर पहिल्या रकान्यात त्यांनीच स्वतःच्या सुवाच्य अक्षरात तिचं नाव लिहिलं होतं.

"बसतं," ते हळूच म्हणाले. "नियमात बसतं."

आणि ते उतरले. अनवाणी, इस्त्रीच्या पँटीत, दोन्ही हातांनी तराफ्याची फळी कवटाळत, आधी एक गुडघा आणि मग दुसरा, अशा रीतीने एकोणतीस वर्षांची प्रतिष्ठा चार पिंपांवर चढली. तिला चढताना काठावरून अर्ध्या इमारतीने बघितलं. उतरताना त्यांच्या पायाचा धक्का लागून होडीची कड तराफ्याच्या लोखंडी पट्टीवर घासली, आणि गडद निळ्या रंगावर हातभर लांब पांढरा ओरखडा उठला. व्यवस्थितरावांनी तो बघितला. तोंड उघडलं. पण होडी तोवर निघालीही होती.

ओझं उतरल्याबरोबर ती चार बोटं वर आली. बायकोने शिड दुसऱ्या अंगाला घेतलं, होडी उजवीकडे कलली, गळक्या फळ्या पाण्याच्या पार वर आल्या, आणि ती तराफ्याला वळसा घालून जी सुटली ती व्यवस्थितरावांच्या आयुष्यात बघण्यात न आलेली गोष्ट होती. चार महिने त्यांनी त्या होडीची इंच न् इंच जागा घासली होती. तिला कुठे गाठ आहे, कुठे खिळा आहे, हे त्यांना झोपेत सांगता आलं असतं. पण ती अशी कलते, अशी पाणी कापते, अशी हलकी होते, हे त्यांना माहीत नव्हतं. आणि मागे बसलेली, केस सुटलेली, पाय एका फळीला रोवून मान वर करून शिडाकडे बघणारी ती बाई तर त्यांना अजिबातच माहीत नव्हती.  आपण फार दिवस भलत्याच गोष्टीची काळजी घेत होतो, असं त्यांना स्पष्ट वाटलं, आणि वाटून फार ओशाळल्यासारखं झालं.

पाचला पंचवीस मिनिटं कमी असताना होडी धक्क्याला लागली. सेक्रेटरींनी रजिस्टरमध्ये नोंद केली. जागा राहिली. काठावर टाळ्या पडल्या, मिस्त्रीने आत उडी मारून चार बादल्या पाणी उपसून दिलं, आणि व्यवस्थितराव तराफ्यावर उभे राहून पँटीची घडी नीट करू लागले, कारण आता आपल्याला न्यायला येणार.

होडी निघाली खरी. तराफ्याच्या दिशेने आली, पन्नास हातांवर आली, आणि बाजूने सरळ पुढे गेली.

"अगं!" व्यवस्थितराव ओरडले. "अगं, मी इकडे!"

"बघितलं!" पाण्यावरून आवाज आला. "अजून एक फेरी मारते!"

धक्क्यावर सेक्रेटरींनी कर्णा उचलला. त्यांच्या रजिस्टरमध्ये प्रत्येक वस्तूची नोंद लागे, आणि निशाण उतरताना तळ्यात एक इसम बेवारस उभा असणं त्यांना मंजूर नव्हतं. कर्ण्यातून त्यांचा आवाज सगळ्या तळ्यावर घुमला. "होडीवाल्या बाई! तराफ्यावरचा माणूस कोणाचा?"

"माझाच आहे!" बायको हसत ओरडली. "राहू द्या जरा!"

काठावरची अर्धी इमारत हसली. हेडमास्तरांचं हसणं वेगळं ओळखू आलं. व्यवस्थितराव क्षणभर तसेच ताठ उभे राहिले. मग ते इस्त्रीच्या पँटीसकट त्या ओल्या, शेवाळलेल्या फळ्यांवर खाली बसले, पाय पाण्यात सोडले, आणि होडी पुन्हा कधी वळते ते बघत राहिले.